एआयला कोड वाचू द्या, पण तपासायचं ओझं मेंटेनरवर टाकू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एआय आता कोड लिहितं, प्रोग्रामरच्या नोकऱ्यांचं काय होणार, अशा बातम्या तुमच्या पेपरात सारख्या येतात आणि मी त्या वाचतेही. पण लिहिलेला कोड कोणाला तरी वाचावाही लागतो, त्याबद्दल कुठे फारसं येत नाही, म्हणून हे पत्र. लांब होणार आहे, कापायचं तिथे कापा, मुद्दा तेवढा राहू द्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि नोकरी सांभाळून एका ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये लोकांनी पाठवलेले पॅच रिव्ह्यू करते. रिव्ह्यू म्हणजे काय ते आधी सांगते, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं प्रोग्राम चालला म्हणजे झालं. ओपन सोर्समध्ये कोड सगळ्यांना खुला असतो आणि जगातला कोणीही माणूस त्यात बदल सुचवू शकतो, त्या बदलाला पॅच म्हणतात. तो पॅच त्या भागाच्या मेंटेनरकडे, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्याकडे जातो, मग तो आणि बाकीचे जाणकार ओळ न् ओळ वाचतात, प्रश्न विचारतात, ही मेमरी शेवटी कोण सोडणार, हे लॉक हातात असताना ते फंक्शन कसं काय बोलावलंस, मध्येच एरर आली तर काय लटकत राहील, आणि मुळात हा बदल हवाच कशाला. पाठवणारा दुरुस्त करतो, परत पाठवतो, दुसरी आवृत्ती, तिसरी आवृत्ती, कधी कधी दहावी, आणि मग कुठे तो कोड आत जातो. अँड्रॉइड फोनच्या तळाशी असलेला लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, १९९१ पासून असाच वाढलाय.

आता त्याचा आकार बघा. कर्नलचा कोड आज ४ कोटी ओळींच्या आसपास आहे, दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात, साधारण दोन हजार लोकांनी पाठवलेले. लिहिणारे दोन हजार, पण नीट वाचणारे त्यातले थोडेच, आणि गेली कित्येक वर्षं जो तो हेच सांगतोय की कोड लिहायला माणसं मिळतात, वाचायला मिळत नाहीत. कर्नलमधल्या बऱ्याच जणांना निदान कंपन्या पगार तरी देतात. बाकीच्या प्रोजेक्टांत तेही नाही, टाइडलिफ्ट ह्या कंपनीने २०२४ मध्ये मेंटेनर लोकांची पाहणी केली त्यात ६० टक्के लोकांनी सांगितलं की आम्हाला ह्या कामाचा काहीच मोबदला मिळत नाही. म्हणजे दिवसभर नोकरी करून रात्री जागून हे लोक तो कोड वाचतात ज्यावर बँका, दवाखाने, विमानं सगळं चालतंय.

'पुरेसे डोळे असले की कुठलाही बग लपत नाही' असं ओपन सोर्सवाले अभिमानाने म्हणतात, लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सच्या नावाने ह्याला लिनसचा नियमही म्हणतात. तत्त्व चांगलं आहे पण डोळे खरंच असले पाहिजेत ना. हार्टब्लीड आठवत असेल. ओपनएसएसएल म्हणजे इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारी लायब्ररी, तिच्यात २०११ च्या ३१ डिसेंबरला एक बदल आत गेला, समोरचा संगणक सांगेल तितकी लांबी खरी मानायची आणि तितकी मेमरी परत पाठवायची, खरोखर तितका डेटा आलाय का ते बघायचंच राहून गेलं. रिव्ह्यू झाला होता. तरी सुटलं आणि २०१४ च्या एप्रिलपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि तोवर जगभरच्या लाखो सर्व्हरवर ते बसलेलं होतं. त्या वेळी ओपनएसएसएलला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या दोन हजार डॉलरच्या आसपास होत्या! मला हा आकडा अजूनही पचत नाही.

म्हणून एआय कोड वाचू शकतं म्हटल्यावर मला आनंदच झाला, आणि तो अजून टिकून आहे. मी स्वतः वापरते. दोनशे ओळींच्या पॅचमध्ये चौथ्या एरर-पाथवर रेफरन्स सोडायचा राहिलाय, कमेंटमध्ये एक लिहिलंय आणि कोड वेगळंच करतोय, फंक्शनचं वागणं बदललं पण त्याला बोलावणाऱ्या तीन जागांपैकी एक तशीच राहिली, असल्या गोष्टी ते पटकन दाखवतं, आणि रात्री अकरा वाजता माझे डोळे नेमके तिथेच झोपलेले असतात. जुनी टूल्स होतीच, कोव्हेरिटी आहे, कर्नलमध्ये स्पार्स, स्मॅच, कॉक्सिनेल आहेत, २०१७ पासून सिझबॉट कर्नलवर अखंड उलटसुलट इनपुट मारत बसलेला आहे आणि त्याने हजारोंनी बग काढलेत. पण ती टूल्स ठरलेल्या साच्यातलं शोधतात. कमेंट वाचून हिच्यात आणि कोडमध्ये मेळ नाही, किंवा प्रोटोकॉल असं सांगतो आणि इथे तसं केलेलं नाही, हे त्यांना कळत नव्हतं. हे नवं आहे.

कर्लचं उदाहरण घ्या. इंटरनेटवरून डेटा आणायला जे छोटं टूल आणि लायब्ररी अब्जावधी उपकरणांत बसलेली आहे ते कर्ल. डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून ते सांभाळतात. त्या कोडवर सगळी टूल्स फिरवून झालेली, वर्षानुवर्षं फझिंग, म्हणजे उलटसुलट इनपुट मारून बघणं, चाललेलं. तरी २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एका सुरक्षा संशोधकाने एआयवाली विश्लेषण टूल्स चालवून शंकास्पद जागांची भलीमोठी यादी पाठवली आणि त्यातून पन्नासेक खऱ्या दुरुस्त्या झाल्या. बहुतेक किरकोळ होत्या पण खऱ्या होत्या, आणि स्टेनबर्ग यांनी ते मोकळ्या मनाने जाहीर सांगितलं. त्याच्या आधी, २०२४ मध्ये, गुगलच्या ओएसएस-फझ ह्या उपक्रमाने एआयकडून चाचण्या लिहून घेऊन ओपनएसएसएलमधला एक दोष काढला जो बहुधा वीस वर्षं तिथे होता, आणि गुगलच्याच बिग स्लीप ह्या एआय टूलने एसक्यूलाइट ह्या डेटाबेसमधली मेमरीची चूक ती आवृत्ती अधिकृतपणे बाहेर पडायच्या आधीच पकडली आणि त्याच दिवशी ती दुरुस्तही झाली. बग लोकांपर्यंत पोचायच्या आधी मेला. ह्याच्याहून चांगलं काय असू शकतं.

पण हे सगळं सांगितल्यावर दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे, आणि ती बातम्यांत येत नाही.

हेच कर्ल, हेच स्टेनबर्ग. कर्लची बग बाउंटी होती, म्हणजे सुरक्षेतला खरा दोष दाखवा आणि पैसे घ्या, २०१९ पासून ती चालू होती आणि बऱ्याच खऱ्या दोषांसाठी मिळून ९० हजारांहून जास्त डॉलर वाटले गेले. मग चॅटबॉट आले. लोक कोडचा तुकडा चॅटबॉटला द्यायला लागले, ते जे काही सांगेल ते चिकटवून रिपोर्ट म्हणून पाठवायला लागले. रिपोर्ट दिसायला देखणा, भाषा सफाईदार, मुद्दे व्यवस्थित, आणि आत जे फंक्शन सांगितलंय ते कर्लमध्ये नाहीच. किंवा आहे, पण जी चूक सांगितली ती तिथे होऊच शकत नाही कारण लांबी चार ओळी आधीच तपासलेली आहे. २०२५ च्या मध्यावर त्यांनी सांगितलं की आलेल्या रिपोर्टांपैकी साधारण २० टक्के असला एआयचा कचरा होता आणि खरा सुरक्षा दोष निघाला तो जेमतेम ५ टक्क्यांत. एकेक रिपोर्ट तीन-चार जण वाचणार, प्रत्येकाचा अर्धा तास, कधी तीन-तीन तास, आणि हे सगळे आपला मोकळा वेळ देणारे लोक. वाईट रिपोर्ट सोडून द्यायचीही सोय नाही, सुरक्षेचा मामला, न जाणो एखादा खरा निघाला तर. शेवटी २०२६ च्या जानेवारीअखेर त्यांनी ती बाउंटीच बंद केली.

म्हणजे बघा, टूलची जात एकच, प्रोजेक्टही एकच. एका माणसाने यादी पाठवली तर पन्नास दुरुस्त्या झाल्या आणि बाकीच्यांनी पाठवलं तर योजना बंद पडली. ह्यात फरक एवढाच की पहिल्याला सी भाषा आणि नेटवर्किंग कळत होतं, टूलने काय म्हटलंय ते त्याला समजत होतं, आणि दुसऱ्यांनी ते न वाचताच पुढे ढकललं. मला ह्या पत्रात जे सांगायचंय ते हेच आहे, की एआयने केलेला रिव्ह्यू पाठवणाऱ्याने आपल्या बाजूला, पाठवायच्या आधी, स्वतः तपासून संपवायचा असतो. तो तपासायचं काम मेंटेनरच्या दारात नेऊन टाकायचं नसतं.

कोणी म्हणेल मॉडेल सुधारतायत, वर्षभरात चुका बंद होतील. सुधारतायत हे खरं आहे, मलाच फरक दिसतो. पण ह्या कामाचं स्वरूप समजून घ्यायला एक प्रयोग सांगते, २०२५ च्या मे महिन्यातला. कर्नलमध्ये फाइल शेअरिंगचा एक सर्व्हर आहे, केएसएमबीडी नावाचा. एका सुरक्षा तज्ज्ञाने त्यात एक दोष स्वतः शोधला होता, मग त्याला बघायचं होतं की ओपनएआयच्या ओ३ मॉडेलला तो सापडतो का. नेमका संबंधित कोड, तीनेक हजार ओळी, हातात दिला आणि शंभर वेळा तोच प्रश्न विचारला. आठ वेळा सापडला. सहासष्ट वेळा मॉडेल म्हणालं इथे बग नाही. बाकीच्या वेळी भलताच, नसलेला बग सांगितला. मग त्याने कोड वाढवला, साधारण बारा हजार ओळी दिल्या, तर शंभरात एकदाच सापडला. पण त्याच चाळणीत एक वेगळाच दोष वर आला जो कोणालाच माहीत नव्हता, एक कनेक्शन लॉगऑफ होताना युजरचा ऑब्जेक्ट सोडून देतं आणि तेव्हाच दुसरं कनेक्शन तोच ऑब्जेक्ट वापरत असतं, खराखुरा, गंभीर, सुरक्षा दोषांच्या जाहीर यादीतला सीव्हीई नंबर मिळालेला दोष. आणि त्या रिपोर्टमुळे त्या तज्ज्ञाला हेही कळलं की पहिल्या दोषावर त्याने स्वतः सुचवलेली दुरुस्ती अपुरी होती.

मला हा प्रयोग फार आवडतो कारण त्यात दोन्ही गोष्टी एकाच वेळी आहेत. माणसाच्या नजरेतून सुटलेलं मशीनने दाखवलं, आणि मशीनने सांगितलेलं खरं की खोटं हे ठरवायला तो कोड आतून-बाहेरून माहीत असलेला माणूस लागला. त्याच्याकडे वेळ होता, ज्ञान होतं आणि गाळ उपसायची तयारी होती. आता असा विचार करा की त्या शंभर उत्तरांपैकी बग सांगणारं प्रत्येक उत्तर एकेका उत्साही माणसाने एकेक रिपोर्ट म्हणून मेंटेनरला पाठवलं. आठ खरे, पंचवीसेक खोटे, वरून सगळे सारखेच आत्मविश्वासाने लिहिलेले. मेंटेनरने काय करायचं?

आणि रिपोर्ट खरा असला तरी प्रश्न संपत नाही. २०२५ च्या शेवटी एफएफएमपेग आणि गुगलची जी जाहीर वादावादी झाली ती ह्यावरूनच. व्हिडिओ जिथे जिथे चालतो तिथे कुठेतरी एफएफएमपेग असतं, सांभाळणारे बहुतेक स्वयंसेवक. गुगलच्या एआयला त्यात एक दोष सापडला तो १९९५ च्या एका व्हिडिओ गेमचे फॉरमॅट वाचणाऱ्या डिकोडरमध्ये, जो कोणीतरी केवळ हौसेने लिहिलेला होता. दोष खरा होता, एफएफएमपेगवाल्यांनी तो दुरुस्त केला. पण त्यांचं म्हणणं असं होतं की अब्जावधी डॉलरची कंपनी मशीन लावून आमच्या कोडमधल्या चुका शोधणार, वरून ९० दिवसांनी दोष जाहीर करायची मुदतही चालू करणार, आणि दुरुस्त मात्र आम्ही फुकटात करायचं, तर हे सुरक्षेसाठी चाललंय की आमच्या जिवावर चाललंय. गुगलच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे, दोष लपवून ठेवला तर वापरणाऱ्यांचं नुकसान, आणि दुर्भावनेने शोधणाऱ्यांकडेही हीच टूल्स आहेत, ते काही मुदत देणार नाहीत. मी दोन्ही बाजू वाचल्या आणि मला मेंटेनरचं म्हणणं जास्त पटलं. शोधणं स्वस्त झालं, दुरुस्त करणं तितकंच महाग राहिलं. शोधायला ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने दुरुस्तीचा पॅचही सोबत द्यावा, आणि तो पॅचही माणसाने तपासलेला असावा. हे अशक्य नाही, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा ह्या संशोधन संस्थेने घेतलेल्या एआय सायबर स्पर्धेची अंतिम फेरी २०२५ च्या ऑगस्टमध्ये झाली, त्यात संघांच्या सिस्टिमनी मुद्दाम पेरलेले ५४ दोष शोधले आणि त्यातल्या ४३ वर दुरुस्तीही करून दाखवली, शिवाय १८ खरे, आधी माहीत नसलेले दोष मिळाले ते वेगळेच. म्हणजे शोध आणि दुरुस्ती एकत्र पाठवता येते, इच्छा पाहिजे.

हे नीट कसं करायचं ते काही लोकांनी दाखवलंय आणि त्याबद्दल मला जास्त सांगावंसं वाटतं. बीटीआरएफएस फाइल सिस्टिम ज्यांनी सुरू केली ते क्रिस मेसन, त्यांनी कर्नलच्या रिव्ह्यूसाठी एआयला द्यायच्या सूचनांचा एक संच बनवून सगळ्यांसाठी खुला केलाय. वाचून बघण्यासारखा आहे. नुसतं 'ह्यात बग शोध' असं त्यात नाही. नेटवर्किंगमध्ये कुठले नियम, लॉकिंग कसं, मेमरी व्यवस्थापनात कुठली गोष्ट चुकीची दिसते पण मुद्दाम तशी आहे, असं भागाभागाचं ज्ञान लिहून काढलंय, आणि वेगळी पानं फक्त ह्यासाठी की काहीतरी सापडलं असं वाटल्यावर मॉडेलने आधी स्वतःलाच खोटं पाडून बघायचं, तो रस्ता खरंच चालता आहे का, बोलावणारा आधीच तपासतोय का, पुरावा दाखव, नसेल तर गप्प बस. इतकी वर्षं जे ज्ञान पाच-सहा जणांच्या डोक्यात होतं आणि कुठल्या तरी जुन्या ईमेलच्या ढिगात पडलेलं होतं ते ह्या निमित्ताने पहिल्यांदा कागदावर येतंय. एआय उद्या गायब झालं तरी ती पानं नव्या माणसाच्या उपयोगाची आहेत! कर्नलच्या बीपीएफ नावाच्या विभागात आता पॅच आला की चाचण्यांबरोबर एआयचा रिव्ह्यूही आपोआप होतो आणि पाठवणाऱ्याला उत्तर जातं, तो त्यातलं बरोबर असेल ते दुरुस्त करतो, चूक असेल तर का चूक ते सांगतो. मेंटेनरपर्यंत पॅच पोचतो तेव्हा वरवरच्या चुका गेलेल्या असतात आणि त्याचा वेळ मूळ प्रश्नाला मिळतो, की हा बदल हवा का, रचना बरोबर आहे का.

हा मूळ प्रश्न महत्त्वाचा आहे. रिव्ह्यू म्हणजे फक्त बग शोधणं अशी समजूत झालीय. कर्नलमध्ये पॅचखाली 'रिव्ह्यूड-बाय' म्हणून नाव घालायची पद्धत आहे आणि त्याचा अर्थ काय तेही लिहून ठेवलंय, की मी हा बदल तांत्रिकदृष्ट्या तपासला, माझ्या शंका पाठवणाऱ्याला कळवल्या, आणि माझ्या मते हा कर्नलमध्ये घेण्यालायक आहे. खाली माणसाचं नाव आणि ईमेल. दोन वर्षांनी काही फुटलं तर त्याला विचारता येतं आणि तो उत्तर देतो. कुठल्या मॉडेलला दोन वर्षांनी विचारणार, ते मॉडेल तेव्हा चालूही नसेल. म्हणूनच कर्नलच्या नियमांत आता स्पष्ट आहे की एआयने 'साइन्ड-ऑफ-बाय', म्हणजे हा कोड द्यायचा मला हक्क आहे अशी सही, घालायचं नाही, ती कायदेशीर जबाबदारी माणसाचीच, टूल वापरलं असेल तर 'असिस्टेड-बाय' म्हणून वेगळी नोंद करा. फेडोरा ह्या लिनक्सवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जे धोरण केलं त्यात रिव्ह्यू करणाऱ्याने एआयची मदत घेतली तर चालेल पण शेवटचा निर्णय एआयचा नको असं आहे. जेंटू आणि नेटबीएसडी ह्या ऑपरेटिंग सिस्टिमनी २०२४ मध्ये, क्यूइएमयू ह्या एम्युलेटरने २०२५ मध्ये एआयने लिहिलेला कोड घ्यायचा नाही असं ठरवलं (नेटबीएसडीत मुख्य गटाची लेखी परवानगी असेल तरच), त्यात कॉपीराइटची भीती हे एक मोठं कारण. तो लिहिण्याचा प्रश्न झाला. वाचण्याला कॉपीराइटचा तसा अडथळा नाही, म्हणून मला वाटतं वाचणं आणि लिहिणं ह्यांची धोरणं वेगळी ठेवावीत, सगळं एकाच बंदीत गुंडाळू नये.

आणखी एक गोष्ट जी मला काळजीत टाकते. 'एआयने बघितलं, काही सापडलं नाही' हे वाक्य आता पॅचबरोबर यायला लागलंय, जणू ते प्रमाणपत्र आहे. वरच्या प्रयोगातले ते सहासष्ट वेळा 'बग नाही' आठवा. आणि काही दोष कोडच्या पॅचमध्ये असतच नाहीत. २०२४ चं एक्सझेड प्रकरण बघा. फाइलींचा आकार दाबून लहान करायची छोटी लायब्ररी, एकटा थकलेला मेंटेनर, त्याच्यावर वेगवेगळ्या नावांनी दबाव की काम फार हळू चाललंय, कोणाला तरी सोबत घे, आणि 'जिया टॅन' नावाने दोनेक वर्षं इमानेइतबारे पॅच पाठवून विश्वास कमावलेला कोणीतरी. मग ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचा दरवाजा बसला, तोही असा की मुख्य भाग चाचणीच्या बायनरी फाइलींत दडवलेला आणि तो उघडणारी ओळ गिटमध्ये, म्हणजे सगळे वाचतात त्या कोडच्या साठ्यात, नव्हतीच, फक्त वाटल्या गेलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे तयार गठ्ठ्यात होती. पॅच वाचणाऱ्या एआयपुढे ती ओळ आलीच नसती. सापडलं कसं, तर पोस्टग्रेस ह्या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या संगणकावर जायच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं आणि त्यांनी मागे लागून शोधलं. ह्यावरून मी एआय निरुपयोगी म्हणत नाहीये. थकलेल्या माणसावर आणखी काम टाकलं की सुरक्षा कमी होते एवढं म्हणतेय, आणि खोट्या रिपोर्टांचा पूर नेमकं तेच करतो.

शेवटचा मुद्दा नवीन मुलामुलींचा, आणि तो माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे. मी जे काही शिकले ते रिव्ह्यूमधून शिकले. पॅच पाठवायचा, कोणीतरी अनोळखी माणूस वीस ओळींचं उत्तर लिहायचा, हे असं का नको, पाच वर्षांपूर्वी असं केलं होतं तेव्हा काय मोडलं, कुठलं जुनं हार्डवेअर अजून त्यावर अवलंबून आहे. पुढचा मेंटेनर असाच तयार होतो, दुसरा कारखाना नाही. आता किरकोळ चुका एआय सांगणार आणि नवीन माणूस त्या दुरुस्त करणार, ते चांगलंच आहे, दहा लोकांसमोर चूक दिसण्याची धास्ती कमी होते, इंग्रजी कच्चं असलेल्यालाही आपल्या भाषेत विचारता येतं, ह्याचा फायदा मोठा आहे. पण एआयने सांगितलं म्हणून बदललं, का ते माहीत नाही, असे पॅच मला दिसायला लागलेत. मी विचारते हे लॉक इथे का घेतलं, तर उत्तरही चॅटबॉटकडूनच आणलेलं असतं, लांबलचक, नम्र, आणि त्यात माझ्या प्रश्नाचं उत्तर नसतं. तेव्हा मला वाईट वाटतं, कारण तो मुलगा किंवा ती मुलगी हुशार असते, फक्त आमच्या दोघांच्या मध्ये एक भिंत येऊन बसलेली असते. अशांना मी हल्ली एवढंच लिहिते की मोडक्यातोडक्या भाषेत लिही, दोनच ओळी लिही, पण तुला जे कळलंय ते लिही, राहिलेलं मी सांगते. बहुतेक जण मग खरंच लिहितात आणि तिथून पुढे बोलणं छान होतं. माझी बाकीच्या रिव्ह्यू करणाऱ्यांना विनंती आहे की एआयचा वास आला म्हणून लगेच पॅच बंद करू नका, एकदा तरी माणसाला हाक मारून बघा.

कॉलेजातल्या शिक्षकांनाही सांगायचंय. ओपन सोर्समध्ये पॅच पाठवा म्हणून मार्क देताय तर ते चांगलं आहे, पण किती पॅच पाठवले ह्यावर मार्क देऊ नका. एआय हाताशी असताना संख्या वाढवणं सोपं आहे आणि त्याचा भार जातो कुठल्या तरी स्वयंसेवकाच्या रात्रीवर. त्याऐवजी एखादा जुना, दोन-तीन वर्षांपूर्वीचा पॅच आणि त्यावरची सगळी चर्चा मुलांना वाचायला द्या, मग तोच पॅच एआयला द्या, एआयने काय पकडलं आणि काय सोडलं ते मुलांना शोधू द्या. कोणाला त्रास नाही आणि शिकणं भरपूर.

कंपन्यांना सांगण्यासारखं वर येऊन गेलं. एवढं जोडते की मेंटेनरना ही टूल्स फुकट द्यायच्या घोषणा होतात त्या स्वागतार्ह आहेत, पण फुकट टूलचं आउटपुट वाचायलाही माणसाचा वेळ लागतो, तर त्या वेळाचे पैसेही द्या. एका चांगल्या रिव्ह्यूअरला वर्षभर पगार द्यायला लागणारी रक्कम ह्या कंपन्यांच्या हिशोबात दिसणारही नाही.

आणि संपादक महोदय, तुमच्याकडे एक मागणं आहे. 'एआयने अमुक सॉफ्टवेअरमध्ये शेकडो त्रुटी शोधल्या' अशी बातमी पुढे येईल, येतच राहणार आहे. ती छापताना तुमच्या वार्ताहराला तीन गोष्टी विचारायला सांगा, त्यातल्या किती त्रुटी त्या प्रोजेक्टच्या लोकांनी खऱ्या म्हणून मान्य केल्या, दुरुस्त किती झाल्या, आणि दुरुस्त कोणी केल्या. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा प्रोजेक्टच्या कोडच्या इतिहासात नावासकट लिहिलेलं असतं, कोणालाही बघता येतं. ती नावंही बातमीत येऊ द्या.

आपली नियमित वाचक,
ओपन सोर्समध्ये रिव्ह्यू करणारी एक प्रोग्रामर